मेंढीच्या नाकावरची हळद

माझ्या कामात माणसं माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, तळहाताकडे बघतात. तळहातात एक करडी डबी असते, साबणाच्या वडीएवढी. तिच्या पडद्यावर वीसपासून उलटे आकडे चालू असतात. वीस मिनिटं. तेवढ्या वेळात मी हसलेलं कुणाला चालत नाही आणि गप्प राहिलेलंही चालत नाही. एकदा शिक्रापूरच्या पुढे एका गोठ्यावर मला नुसती शिंक आली, तर मालकीणबाई मटकन खाली बसल्या. त्यांना वाटलं, निकाल लागला.

सहा वर्षं मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ही डबी घेऊन फिरते आहे. जनावराच्या अंगात विषाणू आहे का, हे गोठ्यातच तपासायचं, एवढंच काम. पूर्वी नमुना बर्फात घालून पुण्याला पाठवायचा आणि वाट बघायची. कागद यायचा तेव्हा बहुतेक वेळा जनावर पुरून झालेलं असायचं. डबीमुळे पहिला अंदाज तिथल्या तिथे मिळतो. पक्का निकाल मात्र अजूनही पुण्याच्या प्रयोगशाळेचाच. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते आणि ते कुणीही ऐकत नाही. एका दिवशी मीही ऐकलं नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

यंत्र कसं चालतं ते आधी सांगते. रक्तातली साखर मोजायचं यंत्र घरोघरी आहे, हे त्याचंच भावंड. जनावराच्या नाकात कापसाची काडी फिरवायची, ती औषधाच्या पाण्यात घुसळायची आणि त्या पाण्याचे तीन थेंब एका पट्टीवर सोडायचे. पट्टीच्या टोकावर असे रेणू बसवलेले असतात, की ते एकाच विषाणूला ओळखतात आणि घट्ट धरतात. विषाणू धरला गेला, की पट्टीतून जाणारी वीज किंचित बदलते. डबी तो बदल मोजते. मेंढपाळांना मी सांगते, वाड्याच्या तोंडाशी राखणीचं कुत्रं बसवलंय असं समजा. बाकी कुणी आलं तर ते डोळा उघडत नाही. एकाच चोराचा वास त्याला शिकवलाय, तो आला की भुंकतं.

लोकांना यंत्राबद्दल फार प्रश्न असतात. सणसवाडीत भाड्याच्या खोल्यांच्या रांगेमागे एका मालकानं शेळ्या पाळल्या होत्या. तिथे तपासणी चालली असताना बिहारचा एक कामगार ड्यूटीवरून आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मैडम, इसमें आदमी का भी होता है क्या? हमारे ठेकेदार का चेक करना था."

"कौन सी बीमारी है उसको?"

"झूठ की."

त्या चोराचा वास अजून कुठल्याच पट्टीला शिकवलेला नाही, असं मी त्याला सांगितलं.

पण हसण्याचे प्रसंग थोडे. बाकी सगळी भीती. कोंबड्यांच्या शेडवर मला पुढच्या दारानं कुणी येऊ देत नाही. "मॅडम, तुमची स्कूटर गेटासमोर दिसली तरी गाव म्हणंल रोग आला. मागच्या बांधानं या." मी मागच्या बांधानं जाते. लोक रोगाला घाबरतात तसे रोग सांगणाऱ्या माणसालाही घाबरतात, आणि मला त्यात आता काही गैर वाटत नाही. मीही घाबरते. डबीवर पाच, चार, तीन असे आकडे उतरायला लागले की माझे तळवे ओले होतात. सहा वर्षांत ते एकदाही कोरडे राहिलेले नाहीत.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सणसवाडीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि संघटनेची पत्रकं वाटायचे. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. उरलेले गठ्ठे फळीवर असायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं, की खरं वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं. वडिलांचं एकच सांगणं असायचं, "ज्याला कळलंय त्यानं सांगितलं पाहिजे. सांगायचं नसंल तर कळून घ्यायच्या भानगडीत पडू नये." नोकरी लागली तेव्हा मी मनात म्हटलं, आपल्यासाठीच निघालेली नोकरी आहे ही. कळून घ्यायचं आणि सांगायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात कवठे येमाईहून भिवाआबांचा निरोप आला. आबा सत्तरीचे. त्यांचे वडील बारमाही मेंढरांमागे फिरले, आबांनी विहीर पाडली, कांदा लावला आणि घर बांधलं. तरी साठ-बासष्ट मेंढरं त्यांनी ठेवलीच होती. उन्हाळ्यात ते ती घेऊन दौंडकडे उतरत. ऊस तुटलेल्या, कांदा निघालेल्या रानात मेंढरं बसवायची पद्धत आहे. रानात जाळीची वाघर लावून चार-चार दिवस कळप ठेवायचा. लेंडी आणि मूत थेट जमिनीत जातं, त्याच्यासारखं खत नाही. यवतच्या बाहेर एका बागायतदाराकडे, सगळे त्यांना तात्या म्हणत, आबांचा कळप दर उन्हाळ्याला ठरलेला असायचा.

त्या वर्षी मात्र तात्यांनी अट घातली होती. दौंड तालुक्यात शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआरची कुजबुज होती. हा शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. माणसाला होत नाही. जनावराला ताप येतो, नाक-डोळे वाहतात, तोंड येतं, हगवण लागते, आणि कोकरं-करडं पटापट जातात. त्यावर लस आहे, पण आबांच्या गावात लसीची गाडी आली तेव्हा कळप बाहेर होता. तात्यांच्या घरी चौदा शेळ्या होत्या. त्यांचा निरोप स्पष्ट होता, तपासून आणा, मगच माझ्या रानात पाय ठेवा.

मी सकाळी गेले. मेंढरं बाभळीखाली होती. आबांची सून हिरावहिनी कोकरांना पाणी दाखवत होती. तिच्या स्वतःच्या चार शेळ्या त्याच कळपात होत्या, माहेरानं लग्नात दिलेल्या एका शेळीची ही वेल. सगळ्यात मोठीचं नाव चांदी. हिरावहिनी बोलायला तिखट.

"आली का यंत्रवाली. ताई, ह्यात आमच्या धन्याचं डोकं तपासून व्हतं का?"

"आधी मेंढरं बघू."

"बघा. पर मेंढरं हुशार हायती."

दोन मेंढ्यांची नाकं वाहत होती. बाकी कळप रवंथ करत होता. मी काडी बाहेर काढली तेव्हा हिरावहिनी म्हणाली, "ताई, सर्दी हाय नुसती. काल समद्यांच्या नाकाला हळद-त्याल लावलंय. देवीचा भंडारा बी लावलाय."

मी म्हटलं, "बरं केलंत."

हे दोन शब्दांचं उत्तर, 'बरं केलंत' एवढंच, मी पुढे किती वेळा आठवलं असेल. तिनं मला सांगितलं होतं. मला विचारायचं सुचलं नाही.

काडी पिवळी निघाली. शेंबूड पिवळाही असतो. पाच जनावरांचे नमुने घेतले, दोन आजारी आणि तीन बरी वाटणारी. पाच पट्ट्या, पाच वेळा वीस मिनिटं. शीतपेटीतला बर्फ वितळत होता. आबा घोंगडीवर बसले होते. पाचही वेळा डबी म्हणाली, नाही.

नियमाप्रमाणे लक्षणं असलेल्या जनावराचा नमुना पुण्याला पाठवायचा आणि तोवर कळप हलवू द्यायचा नाही. मी नमुना पेटीत ठेवला, चिठ्ठी लावली. आबा म्हणाले, "म्हंजी जायला मोकळा?"

"आबा, पुण्याचा कागद यायचाय."

"त्यो कवा येनार?"

"पाच-सहा दिवस."

"हितं विहिरीचं पानी तळाला गेलंय. चारा न्हाई. पाच दिसांत अर्धी मेंढरं उपाशी मरतील, रोगाची गरजच न्हाई." मग त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तात्या हायती. तुमीच सांगा. माझ्यावर त्येंचा इस्वास न्हाई, यंत्रावर हाय."

फोनवरचे तात्या घाईत होते. "मॅडम, एका शब्दात सांगा. हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "नाही. येऊ द्या."

मला कुणी भाग पाडलं नव्हतं. पाच वेळा 'नाही' बघून मीच हलकी झाले होते. घाबरत घाबरत निरोप देणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी चांगला निरोप द्यायला मिळाला, की तो जरा जास्तच देऊन टाकतो.

कळप पायी निघाला. मलठण, न्हावरे, मग पारगावचा पूल ओलांडून यवत. वाटेत चार मुक्काम. पाचव्या दिवशी तात्यांच्या रानात वाघर लागली. पुण्याचा कागद आला नव्हता, प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग होती. नवव्या दिवशी सकाळी हिरावहिनीचा फोन आला. तिच्या आवाजात तिखट काही नव्हतं.

"ताई, तोंडं आल्यात. कोकरं उठंनात. दोन ग्येली. चांदी खाईना."

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "तालुक्याचे डॉक्टर जातील, मी कळवतो. तुम्ही जाऊ नका. आणि पहिल्या रीडिंगबद्दल कुणाशी बोलू नका. वाटेत लागण झाली असेल. नऊ दिवस झालेत, काहीही झालं असेल."

खरंच, तसंही झालेलं असू शकत होतं. ते वाक्य मला किती आवडलं, ते मी लपवणार नाही. शिरूरपासून यवतपर्यंत मी स्कूटरवर तेच वाक्य म्हणत गेले. वाटेत लागण झाली असेल. पारगावच्या पुलावर नदीकडे न बघता म्हटलं. हँडलवर हात घसरत होते. डॉक्टरांच्या आधी मला पोचायचं होतं आणि पोचूच नये असंही वाटत होतं.

रानाच्या कडेला पोचले तेव्हा तात्या बांधावर उभे होते, पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. हिशेबात मोजून बोलणारा, सोसायटीच्या बैठकीत शेवटी बोलणारा माणूस. वाघरीत मेंढरं माना टाकून उभी होती, डोळ्यांना चिपडं, शेपट्या भरलेल्या. वास येत होता. आबा एका कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "या." एवढंच.

मी हातमोजे चढवले. जिचं नाक सगळ्यात जास्त वाहत होतं तिचा नमुना घेतला. वीस मिनिटं. डबी म्हणाली, नाही.

मी डबीकडे बघतच राहिले. समोर मेंढी मरत होती आणि माझ्या हातातलं कुत्रं झोपलं होतं. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी काढली. डबी प्रत्येक पट्टीची स्वतःच तपासणी करते, तिथे हिरवी खूण. पट्टी जिवंत आहे. मग?

तेवढ्यात हिरावहिनी आली. तिच्या हातात वाटी होती. ती चांदीजवळ बसली, दोन बोटं वाटीत बुडवली आणि शेळीच्या दोन्ही नाकपुड्यांत आतपर्यंत फिरवली. बोटं पिवळीजर्द. आठ-नऊ दिवस ती रोज हेच करत होती. तिच्या आईनं केलं होतं, आजीनं केलं होतं. जखमेला हळद, सर्दीला हळद, देवीची हळद. त्यात चूक काय?

तिची काहीच चूक नव्हती. चूक पिवळ्या काडीकडे बघून शेंबूड समजणारीची होती. पट्टीच्या टोकावर हळद-तेलाचा थर बसला, की विषाणू आला तरी तिथपर्यंत पोचत नाही. कुत्र्याच्या नाकातच आम्ही हळद भरली होती. हिरवी खूण पट्टी चांगली आहे एवढंच सांगत होती. नमुना कसा आहे, ते सांगणं तिचं काम नव्हतं, माझं होतं. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी पाठ केली होती. त्यात शून्याखालच्या थंडीत काय करावं, हे दोन पानं लिहिलेलं आहे. हळदीबद्दल एक अक्षर नाही. ज्यांच्या मेंढरांसाठी हे यंत्र आहे म्हणून आमची पत्रकं छापली जातात, त्यांच्यातल्या एकाही बाईला कुणी कधी विचारलं नव्हतं, की बाई, जनावर आजारी पडलं की पहिल्यांदा तुम्ही काय करता?

मी म्हटलं, "वहिनी, साधं पाणी द्या."

चांदीचं नाक आम्ही दोघींनी कापसानं पुसलं, चार-पाच वेळा, कापूस पांढरा निघेपर्यंत. थोडं थांबून नमुना डोळ्याच्या कडेचा आणि हिरडीच्या आतला घेतला, जिथे हळद पोचली नव्हती. पट्टी घातली. वीस.

ती मिनिटं आयुष्यात परत नकोत. मला त्या डबीनं 'नाही' म्हणायला हवं होतं. तसं झालं असतं तर रोग दुसराच ठरला असता, मी सुटले असते. आणि तिनं 'आहे' म्हणायला हवं होतं, कारण आहे हे मला दिसत होतं. हिरावहिनी शेळीच्या गळ्यात हात टाकून बसली होती. विषाणू भरपूर असला की डबी वीस मिनिटं थांबत नाही. सहाव्या मिनिटालाच पडदा लाल झाला.

"काय म्हनतंय?" आबांनी विचारलं.

"आहे."

तात्या बांधावरून खाली उतरले. "म्हंजी वाटंत लागला," ते म्हणाले. "न्हावऱ्याला नायतर पुलाजवळ. कुनाच्या तरी कळपात मिसळली असतील. आबा, तुमाला सांगितलं व्हतं, वाटंत कुनाला चिकटू नका."

"कुनाला चिकटलो न्हाई, तात्या. आईशप्पत न्हाई."

"मग आभाळातनं पडला का?"

म्हातारा खाली बघायला लागला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर एक शंका आली, की आपलंच काही चुकलं असेल का. कुठल्या मुक्कामावर, कुठल्या पाणवठ्यावर? तो मनात मुक्काम मोजत होता. साहेबांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. म्हणण्याचीही गरज नव्हती. तात्याच माझ्यासाठी ते म्हणत होते. मी फक्त गप्प राहिले असते तरी पुरलं असतं.

त्या दिवशी मला कळलं, की खरं वाक्य उद्गारचिन्हानं संपत नाही. आवाज इतका बारीक निघतो, की परत सांगावं लागतं.

"वाटेत नाही लागला. कवठ्यातच होता. माझी तपासणी चुकली."

"काय?"

"दोन मेंढ्यांची नाकं तेव्हाच वाहत होती, पण नाकाला हळद होती. हळदीनं यंत्र आंधळं होतं. वहिनींनी मला सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही. आणि पुण्याचा कागद यायच्या आधी तुम्हाला फोनवर 'येऊ द्या' म्हणाले, तो अधिकार मला नव्हता."

तात्या हळू म्हणाले, "माझ्या घरी चौदा शेळ्या हायत. पोरं सकाळी हितनंच पाला नेतात. तुमच्या एका शब्दावर मी ह्यास्नी आत घेतलं, बाई." मॅडमची बाई झाले होते मी. "आता मला यंत्र दावू नका. काय करायचं ते सांगा."

जे करायचं ते आम्ही केलं. डॉक्टर आले, नमुने पुण्याला गेले, कळप जागेवरच बांधला, मेलेली जनावरं चुना टाकून खोल पुरली. तात्यांनी स्वतः ट्रॅक्टर लावून खड्डा काढला आणि आसपासच्या पाच वस्त्यांवर स्वतः फिरून सांगितलं, की जनावरं बाहेर काढू नका, लस टोचून घ्या. वाटेतल्या चारही मुक्कामांवर मी गेले. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. चौथ्यांदाही आवाज बारीकच निघाला. मुक्कामांपैकी न्हावऱ्याला तीन शेळ्या गेल्या. तात्यांच्या चौदांपैकी दोन. आबांची सव्वीस मेंढरं, आणि चांदी.

मी अहवालात सगळं लिहिलं. साहेब म्हणाले, "शेऱ्याच्या रकान्यात एवढी कथा कशाला? खोडा." मी खोडलं नाही. त्यांनी मला कोंबड्यांच्या कामावर टाकलं, वर्षभर. त्यानंतर पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. तिसऱ्या पानावर एक ओळ वाढली आहे, 'नमुना घेण्यापूर्वी नाक स्वच्छ पाण्याने पुसावे.' का, ते लिहिलेलं नाही. हिरावहिनीचं नाव कुठे असणार. चांदीचं तर नाहीच.

गेल्या चैत्रात आबांचा पुन्हा निरोप आला. मला वाटलं, चुकून आला असेल. गेले तर बाभळीखाली मेंढरं उभी, आता तीसेक. सगळ्यांना लस टोचलेली, कानात बिल्ले. तरी एकीचं नाक वाहत होतं. हिरावहिनीनं मला काही विचारलं नाही. बादली आणली, फडकं भिजवलं, आणि माझी पेटी उघडायच्या आत त्या मेंढीचं नाक पुसायला लागली. पुसून झाल्यावर फडकं माझ्यासमोर धरलं. पांढरं होतं.

वीस मिनिटं आबा माझ्या शेजारी घोंगडीवर बसले. डबी म्हणाली, नाही.

"म्हंजी जायला मोकळा?" आबांनी विचारलं. तेच शब्द, तोच आवाज. तात्यांचं रान वाट बघत होतं. विहिरीचं पाणी याही वर्षी तळाला होतं.

माझे तळवे ओले झाले. "नाही आबा. पुण्याचा कागद आल्याशिवाय हलायचं नाही. मी रोज फोन करते, त्यांच्या दारात जाऊन बसते. पण हलायचं नाही."

आबांनी माझ्या तळहाताकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं. मग घोंगडी झटकून उठले आणि काढून ठेवलेली वाघर पुन्हा बाभळीला बांधायला लागले.

"एवढंच म्हनायचं व्हतंस, पोरी," पाठमोरेच म्हणाले, "तवा."